महाबळेश्वरात घरातल्या टाकीत कोण? चिलापी की सायप्रिनस

वेण्णा लेकवर दव गोठतं त्या दिवसांत खाली मासे आणि वर त्याच पाण्यावर भाजी अशा घरातल्या अ‍ॅक्वापोनिक्स टाकीचं पाणीही गारठतं, आणि माशाची निवड तिथेच ठरते. चिलापी (तिलापिया) भराभर वाढते, काटेही कमी. पण पाणी १६ अंशांखाली गेलं की खाणं टाकते, १० अंशांच्या आसपास मरते. म्हणजे थंडीभर हीटर, आणि रात्री वीज गेली की जीव टांगणीला.

मी तरी सायप्रिनसच, म्हणजे कॉमन कार्प, सोडेन. काटे फार, पण गारठ्यात तग धरतो. तळाशी सुस्त पडून असतो, कल्ले तेवढे संथ हलतात. तेव्हा खाद्य चिमूटभरच टाका, कारण माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट, म्हणजे झाडांचं खत, करणारे जिवाणूही थंडीत मंदावतात. वर पालक, लेट्यूस लावा. टोमॅटोला ऊब लागते.