काम संपल्यावर हातात दीड दिवस असेल तर हॉप-ऑन हॉप-ऑफ बस घ्यावी का? माझा अनुभव

ऑफिसच्या कामाने लांबच्या शहरात जायचं ठरलं की गेली काही वर्षं मी परतीचं तिकीट एक-दोन दिवस पुढचं काढते आणि ते दिवस एकटीने शहर बघते. दरवेळी प्रश्न तोच, वेळ कमी, डोकं मीटिंगांनी भरलेलं, शहर अनोळखी, सोबत कुणी नाही, मग फिरायचं कसं. पायी, मेट्रोने, टॅक्सीने, गाइडच्या ग्रुपबरोबर असं सगळं करून झालंय आणि सगळ्यात जास्त वेळा वापरलेली गोष्ट म्हणजे ती वरून उघडी असलेली डबल डेकर हॉप-ऑन हॉप-ऑफ बस. वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसमध्ये बसलेय, त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, या सर्व्हिसचाच आहे, आणि तोही अशा माणसासाठी ज्याचं काम आज दुपारी संपतंय आणि विमान उद्या रात्री आहे.

ज्यांनी घेतली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, बस शहरातल्या मुख्य ठिकाणांवरून गोल फिरत राहते, एकाच तिकिटावर वाटेल तिथे उतरायचं, बघून झालं की मागून येणाऱ्या बसमध्ये परत चढायचं. सीटजवळ इअरफोनची पिन लावायची जागा असते, भाषा निवडायची आणि माहिती ऐकायची. तिकिटं साधारण २४, ४८, ७२ तासांची.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी हे २४ तास तिकीट पहिल्यांदा स्कॅन होतं तिथून मोजतात. म्हणजे शुक्रवारी दुपारी २ वाजता शेवटची मीटिंग संपली, लॅपटॉप रूमवर ठेवला आणि ३ ला बसमध्ये चढलात तर तेच तिकीट शनिवारी दुपारी ३ पर्यंत चालतं, त्यामुळे ४८ तासांचं महागडं तिकीट घ्यायची गरजच उरत नाही. पण काही ठिकाणी तारीख धरतात, म्हणजे त्या दिवशीच्या शेवटच्या बसबरोबर तिकीटही संपलं! पैसे भरण्याआधी ही एक अट वाचाच वाचा, मी एकदा न वाचता दुपारी उशिरा तिकीट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या दारातून परत फिरावं लागलं, फार वाईट वाटलं तेव्हा.

माझी पद्धत अशी आहे की पहिल्या दिवशी कुठेही उतरायचंच नाही. वरच्या डेकवर पुढची सीट मिळाली तर उत्तमच, नाहीतर कुठलीही, आणि अख्खी फेरी पूर्ण करायची. दीड-दोन तास सहज लागतात. लोकांना हा वेळ वाया गेला असं वाटतं पण तीन दिवस एसी हॉलमध्ये स्लाइड बघितल्यावर जे थकलेपण येतं ना, त्यात नकाशा काढून रस्ते शोधायची ताकद नसते, निदान माझ्यात तरी नसते. वर वारा लागतो, झाडांच्या फांद्या अगदी हाताला येतील इतक्या जवळून जातात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या, छज्जे, देवळांचे-चर्चचे कळस असं खालून कधीच न दिसणारं शहर दिसतं आणि हळूहळू डोक्यातली ऑफिसची बडबड थांबते. एका फेरीत मला नदी डावीकडे की उजवीकडे, चढ कुठे आहे, जुना भाग कुठून सुरू होतो, कुठल्या ठिकाणी माणसांची झुंबड आहे आणि कुठे शांतता आहे एवढं कळतं. मग रात्री रूमवर बसून फक्त दोन किंवा तीन ठिकाणं ठरवायची. दोन किंवा तीनच!

एकटीने जाण्याचं सुख इथे खरं कळतं. कुणी विचारत नाही आता पुढे कुठे, कुणाचे पाय दुखत नाहीत, कुणाला शॉपिंगला जायचं नसतं. एकदा एका जुन्या चौकातल्या कारंजापाशी मी पाऊण तास नुसती बसून होते, समोर एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते, तेवढंच बघत. सोबत चारजण असते तर तो पाऊण तास मिळालाच नसता.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

एक म्हणजे ही बस वाहतुकीचं साधन म्हणून वाईट आहे. बहुतेक रूट एकाच दिशेने फिरतात, म्हणजे चौथ्या स्टॉपवर उतरलात आणि तिसऱ्यावरचं काहीतरी बघायचं राहिलं तर बसने जायला अख्खा वळसा घ्यावा लागतो, चालत दहा मिनिटांत पोचता. बोर्डवर दर १५-२० मिनिटांनी बस असं लिहिलेलं असतं पण ट्रॅफिक असला की अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं, मग एकदम दोन बस पाठोपाठ येतात आणि पहिली भरलेली असते. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर असं ताटकळणं फार जिवावर येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी बस फक्त लांबच्या ठिकाणापर्यंत जायला वापरते आणि बाकी सगळं पायी नाहीतर मेट्रोने.

ऑडिओ. सोबत फुकट मिळणारे इअरफोन कानात टिकत नाहीत, स्वतःचे वायरवाले घेऊन जा, ब्लूटूथवाले त्या पिनला चालत नाहीत. माहिती कुठे फार छान असते, कुठे नुसत्या सनावळ्या. आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली की आवाज पुढे निघून जातो, तो म्हणतो उजवीकडे बघा आणि उजवीकडे बँक असते. इमारतीचं नाव लक्षात ठेवून नंतर वाचणं बरं.

शेवटची बस हा तर वेगळाच विषय. बऱ्याच शहरांत संध्याकाळी ५-६ नंतर सर्व्हिस आटोपते, आणि शेवटची बस फेरी पूर्ण करेलच असं नाही, मधल्याच एखाद्या स्टॉपवर थांबून डेपोत जाते. एका शहरात मी किल्ला बघून खाली आले तर ॲपमध्ये बस येताना दिसत होती, वीस मिनिटं उभी राहिले आणि ती आधीच्याच स्टॉपवरून वळून गेली. अंधार पडत होता, फोनची बॅटरी १२ टक्के आणि तिकीट, नकाशा, हॉटेलचा पत्ता सगळं फोनमध्येच. तेव्हापासून हॉटेलचं कार्ड खिशात ठेवते आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक पर्समध्ये. विमानात ती केबिन बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये टाकू नका.

मोठी बॅग घेऊन बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत. चेक-आउट केल्यावर हॉटेलच्या रिसेप्शनवरच बॅग ठेवायची, ऑफिसचा लॅपटॉप बॅगेत असेल तर आधी विचारायचं की बॅगा ठेवतात त्या खोलीला कुलूप असतं का. मी शेवटच्या रात्री शक्यतो विमानतळाकडे जायच्या रस्त्यावरचं हॉटेल न घेता मीटिंगवालंच हॉटेल वाढवते, पण ऑफिसला लागलेला रेट पुढच्या रात्रीसाठी मिळतो का हे आधी मेल करून विचारते आणि त्या रात्रीचं बिल वेगळं करून घेते. एका बिलात दोन्ही आलं की परत आल्यावर अकाउंट्सवाल्यांशी आठवडाभर मेलामेली.

आणि मॅनेजरला तिकीट काढायच्या आधीच सांगा. नंतर तारीख बदलायला गेलं की जास्तीचे पैसे कोण भरणार हा वाद, आधी सांगितलं तर बरेचदा शनिवार-रविवारची तिकिटं उलट स्वस्त निघतात आणि कुणाचीच हरकत नसते. ऑफिसचा इन्शुरन्स कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो की परत येईपर्यंत असतो हे लेखी विचारा. व्हिसावर किती दिवस राहायची परवानगी आहे ते मोजा, व्हिसाची शेवटची तारीख आणि राहायचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक तारीख बघतात आणि दिवस मोजत नाहीत.

बसवाले एक गोष्ट सांगत नाहीत ती म्हणजे तुम्ही उतराल त्या दिवशी ते ठिकाण उघडं आहे का. बस दारात सोडते आणि दार बंद! ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी, तिथलंच ऑर्से म्युझियम सोमवारी, व्हॅटिकनची म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. सोमवारी तर कितीतरी म्युझियम बंद असतात, म्हणून काम शुक्रवारी संपत असेल तर पुढचे दोन दिवस घ्या, सोमवारी सुरू होत असेल तर आधीचे शनिवार-रविवार. मला स्वतःला काम झाल्यानंतरचेच दिवस आवडतात कारण आधी गेलं की प्रेझेंटेशन डोक्यातून जात नाही आणि झोपेचं घड्याळही तोवर बसलेलं नसतं. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर किंवा मिलानमधलं लिओनार्दो दा विंचीचं 'लास्ट सपर' हे चित्र यांची वेळ ठरवून आधीच तिकीट काढावं लागतं, 'लास्ट सपर'समोर तर फक्त १५ मिनिटं मिळतात, अशा ठिकाणी बसच्या भरवशावर वेळ गाठायला जाऊ नका, थेट जा.

पाचपैकी किती? पहिल्यांदा जात असाल, एकटे असाल, दमलेले असाल तर ४. दुसऱ्यांदा जात असाल तर २. पाऊस असेल तर घेऊच नका, खालच्या डेकवर ओल्या काचेतून काहीही दिसत नाही.

मागच्या वेळी मी आधी बसने बघितलेल्या एका शहरात कामासाठी पुन्हा गेले आणि बस घेतली नाही. पहिल्या फेरीत वरून एक दगडी पायऱ्यांची गल्ली दिसली होती, थेट नदीपर्यंत उतरणारी, ती लक्षात होती. मीटिंग संपल्यावर बूट बदलले आणि सरळ तिकडे चालायला लागले.