मालिकेतले पहिले पुस्तक कोणते? गुडरीड्सच्या मालिका-पानांचे परीक्षण

दहा-पंधरा पुस्तकांची एखादी मालिका वाचायला घ्यायची, तर सुरुवात कुठून करावी हे आधी ठरवावे लागते आणि त्यासाठी अनेक वाचक गुडरीड्सवरचे त्या मालिकेचे पान उघडतात. २००७ मध्ये सुरू झालेले आणि २०१३ पासून अमेझॉनच्या मालकीचे असलेले हे संकेतस्थळ वाचकांच्या अभिप्रायांसाठी आणि पुस्तकांना मिळणाऱ्या ताऱ्यांसाठी ओळखले जाते. मला मात्र त्यातला सर्वांत कामाचा भाग ही मालिका-पानेच वाटतात, कारण पुस्तक आवडेल की नाही हे अनोळखी वाचकांचे तारे क्वचितच नीट सांगू शकतात. पण कोणत्या पुस्तकानंतर कोणते आले, ही माहिती चोख असेल तर ती प्रत्येकाला सारखीच उपयोगी पडते.

व्यवस्था साधी आहे. पुस्तकाच्या नावापुढे कंसात मालिकेचे नाव आणि क्रमांक दिलेला असतो, त्यावरून मालिकेच्या पानावर जाता येते आणि तिथे सगळी पुस्तके ओळीने मांडलेली दिसतात. मुख्य पुस्तकांची संख्या आणि लघुकथा, संच वगैरे धरून होणारी एकूण संख्या वेगळी दाखवलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या मधल्या लघुकादंबरीला २.५ असा दशांश क्रमांक मिळतो, तर पहिले तीन खंड एकत्र बांधलेल्या संचाला १-३. ही नोंदणी प्रामुख्याने 'ग्रंथपाल' म्हणवले जाणारे स्वयंसेवक वाचक करतात. जिथे एकच कथानक खंडामागून खंड पुढे सरकते, तिथे ही व्यवस्था निर्दोष चालते आणि तिच्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही उरत नाही.

तिची खरी कसोटी लागते ती फांद्या फुटलेल्या मालिकांमध्ये. टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेत १९८३ ते २०१५ या काळात आलेल्या ४१ कादंबऱ्या आहेत. त्या एकाच जगात घडत असल्या, तरी काहींमध्ये नगररक्षक, काहींमध्ये चेटकिणी, तर काहींमध्ये साक्षात मृत्यू हे मुख्य पात्र आहे. येथे गुडरीड्स एका पुस्तकाला दोन क्रमांक देते. 'गार्ड्स! गार्ड्स!' ही १९८९ ची कादंबरी संपूर्ण मालिकेत आठवी, पण नगररक्षकांच्या उपमालिकेत पहिली, असे शीर्षकापुढेच लिहिलेले असते. 'स्मॉल गॉड्स'पुढे केवळ तेरावा क्रमांक दिसतो आणि त्यावरून ते पुस्तक कोणत्याही शाखेत बसत नाही हेही कळून चुकते. एवढ्या दोन आकड्यांमुळे, आधी सात पुस्तके संपवल्याशिवाय आठव्याला हात लावायचा नाही, हा नवख्या वाचकाच्या मनातला धाक नाहीसा होतो. वाचनक्रमाचे गुंतागुंतीचे तक्ते तयार करणाऱ्या उत्साही वाचकांविषयी मला आदर आहे, परंतु प्रथमच वाचणाऱ्याचे काम या दोन आकड्यांवर भागते.

याउलट शून्य हा क्रमांक मला घातक वाटतो. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेतील 'न्यू स्प्रिंग' या पूर्वकथेपुढे शून्य लिहिलेले आहे. पहिल्या खंडाच्या साधारण वीस वर्षे आधीचा काळ तीत रंगवला असल्यामुळे कथाकाळाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मात्र ही कादंबरी २००४ मध्ये, म्हणजे दहावा खंड बाहेर आल्यानंतर प्रसिद्ध झाली आणि ती दहा खंड वाचलेल्या वाचकासाठीच लिहिलेली आहे. १९९० च्या पहिल्या खंडात मॉयरेन ही स्त्री एका आडगावात येते, तेव्हा ती कोण, तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, या संशयावर कितीतरी प्रकरणे तोललेली आहेत. 'न्यू स्प्रिंग' आधी वाचणाऱ्याला तिचा भूतकाळ आणि हेतू ठाऊक असतात, त्यामुळे तो संशय त्याच्या वाट्याला येतच नाही. शून्य एकाच्या आधी येते हे लहान मूलही जाणते, त्यामुळे यादीच्या माथ्यावरचे पुस्तक आधी वाचू नये हे वाचकाला आपण होऊन सुचणे कठीण आहे. आयझॅक आसिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'मध्येही हाच धोका आहे: मूळ तीन पुस्तके १९५१ ते १९५३ मधली, तर कथाकाळाने सर्वांत आधीचे 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' १९८८ चे.

सी. एस. लुइस यांच्या 'नार्निया'च्या सात पुस्तकांचा वाद तर प्रकाशकानेच वाढवला. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० मध्ये प्रथम आले आणि नार्नियाच्या जन्माची कथा सांगणारे 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ मध्ये सहावे. हार्परकॉलिन्सने १९९४ मध्ये कथाकाळानुसार क्रमांक बदलून सहाव्याला पहिले केले. या बदलाच्या समर्थनार्थ लुइस यांनी १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेले पत्र पुढे केले जाते, पण कोणत्या क्रमाने वाचावे याला फारसे महत्त्व नसावे, असेही त्याच पत्रात त्यांनी म्हटले आहे. १९५० च्या पुस्तकात अस्लान या सिंहाचे नाव प्रथम निघते, तेव्हा तो कोण हे कथेतल्या मुलांना वाचकाइतकेच अज्ञात असल्याचे निवेदक सांगतो. ज्याने सहावे पुस्तक आधी वाचले, त्याच्यापुरते हे वाक्य खोटे ठरते. एका पुस्तकाला एकच क्रमांक देणाऱ्या कोणत्याही यादीला यातली एक बाजू घ्यावीच लागते आणि ती का घेतली हे केवळ आकडा सांगू शकत नाही. काही मालिका-पानांच्या माथ्यावर स्वयंसेवकांनी पर्यायी क्रमाची टीप जोडलेली आढळते, ती अवश्य वाचावी. पण तशी टीप असेलच याची हमी नाही.

मालिका-पानावर प्रत्येक शीर्षकाखाली बारीक अक्षरांत प्रकाशनवर्ष आणि आवृत्त्यांची संख्या दिलेली असते. माझ्या मते ठळक क्रमांकापेक्षा या बारीक ओळीवर अधिक भिस्त ठेवावी. क्रमांक वाढत असताना वर्षेही वाढत गेली, तर निर्धास्तपणे यादीप्रमाणे वाचावे. जिथे वर्ष एकदम मागे-पुढे उडी घेते, तिथे पूर्वकथा नंतर लिहिली गेली आहे असे समजून प्रथम वाचनासाठी प्रकाशनाचाच क्रम धरावा. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर मालिकेतले कथाकाळाने पहिले पुस्तक १९५० चे, पण प्रत्यक्षात लिहिले गेलेले पहिले १९३७ चे आहे, हे ही ओळ वाचताच लक्षात येते. त्या १९३७ च्या कादंबरीचे नाव ब्रिटनमध्ये 'द हॅपी रिटर्न' आणि अमेरिकेत 'बीट टू क्वार्टर्स'. गुडरीड्स एकाच कृतीच्या सर्व आवृत्त्या एका नोंदीखाली आणते, त्यामुळे दुसऱ्या नावाने तेच पुस्तक पुन्हा विकत घेण्यापूर्वी आवृत्त्यांची यादी एकदा उघडून पाहावी.