एकवीस दिवस लागले, पण बाथरूमची ओल गेली

आमचं घर जुळे सोलापुरात, तळमजल्यावर. बाथरूम पाच बाय सात फुटांचं. तीन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीकडून जुनी शहाबादी काढून नवी फरशी बसवून घेतली होती. त्यांनी दोन दिवसांत काम उरकलं. दुसऱ्याच पावसाळ्यात सांध्यांतून पांढरा क्षार फुटायला लागला. खराट्याने घासला की जायचा, आठ दिवसांत परत यायचा. मग पाणी जायच्या जाळीजवळच्या चार फरश्या टकटक केल्यावर पोकळ वाजायला लागल्या आणि त्यातली एक पायाखाली हलू लागली. सासूबाईंचं वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या आंघोळीला गेल्या की मी दाराबाहेर उभी राहायचे.

यंदा मे महिन्यात दुसऱ्या मिस्त्रींना बोलावलं, हा अनुभव त्यांच्या कामाचा. विजापूर रोडच्या बाजूला राहतात, मुलाला हाताशी घेऊन काम करतात. काम कसं झालं ते सविस्तर लिहितेय, कारण बोलावण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी सगळी फरशी आणि खालचा माल काढून काँक्रीट उघडं केलं. काँक्रीट काळपट, हाताला गार लागत होतं. मी विचारलं, "उद्या केमिकल मारून टाकायचं का?" ते म्हणाले, "पाणी कुठनं यायलंय ते आधी बघू, ताई. कळल्याशिवाय फरशीला हात लावणार नाही."

त्यांनी जाड प्लास्टिकचे दीड-दीड फुटाचे दोन चौकोन कापले. एक जाळीजवळ आणि एक दाराजवळ काँक्रीटवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्के बंद केले. संध्याकाळी पाचला लावलेले दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडले. दाराजवळचं प्लास्टिक कोरडं होतं. जाळीजवळच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला मोत्यांसारखे थेंब जमले होते आणि त्याखालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालं होतं. म्हणजे ओल जमिनीतून सगळीकडे चढत नव्हती, एकाच जागेवरून पसरत होती. नहाणीचा ट्रॅप (जाळीखालचं, पाणी पाइपात सोडणारं भांडं) उकरला तर पाइपाशी त्याचा सांधा नुसत्या सिमेंटने लिंपलेला निघाला, त्यालाही भेग. आमच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी तीन वर्षं तिथून काँक्रीटमध्ये मुरत होतं. तेच वर येऊन सुकलं की सिमेंटमधले क्षार सांध्यांवर पांढरे होऊन उरायचे.

ट्रॅप नवा घातला. त्याच्याभोवतीचा खड्डा सुकताना न आकसणाऱ्या ग्राउटने भरला. त्यानंतर सहा दिवस काहीच केलं नाही. खिडकी उघडी, टेबलफॅन चालू. या सहा दिवसांत मी वैतागले होते हे मान्य करते. आम्ही आंघोळीला शेजारच्या काकूंकडे जात होतो आणि सासूबाईंना रोज त्यांच्या पायऱ्या चढवाव्या लागत होत्या. मिस्त्रींनी मात्र परत प्लास्टिक लावून, सकाळी कोरडं निघालेलं मला दाखवून मगच ओल अडवणाऱ्या कोटिंगचा डबा उघडला.

डबा उघडायच्या आधी त्यांनी काँक्रीटवर पाणी शिंपडलं. मला काही कळेना. सहा दिवस वाळवलं आणि आता ओलं? त्यांनी नीट समजावलं. हे कोटिंग सिमेंटची पावडर आणि पॉलिमरचं द्रव मिसळून करतात. खालचं काँक्रीट पूर्ण सुकं असेल तर ते कोटिंगमधलं पाणी ओढून घेतं आणि थर नीट धरत नाही. म्हणून वरचा भाग नुसता दमट हवा, पण पाणी साचलेलं चालत नाही. खालून सतत येणारं पाणी मात्र वेगळं, ते थराला मागून ढकलत राहतं. शिंपडलेलं पाणी त्यांनी फडक्याने टिपून घेतलं, हात फिरवून बघितला आणि मग ब्रश लावला.

कोपऱ्यांत आधीच गोल वाटा (भिंत आणि जमीन मिळते तिथे गोलाई) मारून घेतला होता, त्यावर फायबरची जाळी दाबली. सकाळी एक हात आडवा, संध्याकाळी दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत.

तीन दिवस वाळू देऊन जाळीला बोळा घातला आणि दोन इंच पाणी भरलं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. दीडशे लिटरच्या वर पाणी असं भरून ठेवायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. (नंतर बादल्यांनी उपसून सगळं संडासला वापरलं.) भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी पाणी भरून एक परात ठेवली, तिच्यातही तशीच खूण. मेच्या उन्हाळ्यात पाणी आपोआप उडतं, मग गळती कशी ओळखायची, म्हणून ही परात. दोन दिवसांनी दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं होतं. हे बघून मला त्या माणसाबद्दल खरा आदर वाटला.

फरशी एक बाय एक फुटाची, खडबडीत. लहान घेतली म्हणजे जाळीकडे उतार नीट देता येतो, असं ते म्हणाले. सिमेंटच्या रबडीवर न बसवता अॅडहेसिव्हवर बसवली. दातेरी थापीने रेघा ओढून फरशी दाबायची आणि मधूनच एखादी उचलून मागे सगळीकडे माल लागलाय का बघायचं. तिसरी फरशी उचलली तेव्हा एका कोपऱ्यात माल नव्हता, तर ती पुसून परत लावली. सांध्यांत ग्राउट दुसऱ्या दिवशी भरला.

आता तक्रारी. मधे दोन दिवस मिस्त्री नातेवाइकांच्या लग्नाला गेले आणि फोन केला नाही. राडारोडा उचलणं मजुरीत धरलं नव्हतं, छोटा हत्ती मलाच बोलवावा लागला. ट्रॅपमुळे अंदाजापेक्षा अडीच हजार जास्त गेले, पण ते काम करायच्या आधी सांगितलं होतं, त्यामुळे राग नाही. दाराजवळच्या एका सांध्यात ग्राउटचा रंग फिकट राहिलाय.

पावसाळा सरला. मी दर रविवारी बाथरूम धुतल्यावर फरश्या वाजवून बघते, सगळ्या भरीव आहेत. क्षार कुठेही नाही. सासूबाई आता दार आतून लावून घेतात.

बोलावणार असाल तर तीन आठवडे आंघोळीची दुसरीकडे सोय करून ठेवा, पाणी यायचा दिवस बघून टाकी भरून ठेवा, आणि राडारोड्याचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या.