सबवूफरमुळे होणारी गाडीची खडखड: डॅम्पिंग शीट, फेल्ट टेप आणि फोम काही महिने वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर जिरवायला चिकटवतात ती) चांगली आहे, पैसे वाया गेले असं अजिबात वाटत नाही. पण माझ्या गाडीतली बहुतेक खडखड त्या महागड्या शीटने नाही, तर फेल्टच्या कापडी टेपने आणि फोमच्या चार तुकड्यांनी बंद झाली. दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि विकणारे ते सांगत नाहीत.

डिकीत बारा इंची सबवूफर (फक्त खालच्या बाससाठीचा स्पीकर) आहे, सीलबंद पेटीत. बसवल्यावर बास जबरदस्त आला, आणि सोबत गाडीचा सांधा न् सांधा बोलायला लागला. ४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. गाडीची केबिन त्याच्या निम्मीही नसते. त्यामुळे खालच्या बासला केबिनमधला हवेचा दाबच सगळीकडे एकदम वरखाली होतो आणि प्रत्येक पत्रा, प्रत्येक प्लॅस्टिक सेकंदाला चाळीस वेळा ढकललं जातं. म्हणून सबवूफर डिकीत असला तरी खडखड डिकीतच असेल असं नाही. माझ्याकडे सगळ्यात चीड आणणारा आवाज पुढे, आरशाच्या वर असलेल्या चष्मा ठेवायच्या कप्प्यातून येत होता.

शोधायचं कसं, हा खरा प्रश्न. गाणं लावून शोधत बसलात तर वेड लागेल, कारण बासचे सूर सतत बदलतात आणि आवाज आला-गेला होतो. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप घ्या, २० हर्ट्झपासून सुरू करा आणि सावकाश १०० पर्यंत जा. एकाने पुढे बसून आकडा सरकवायचा, दुसऱ्याने हाताने दाबत फिरायचं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथेच आजार. आवाज मध्यमच ठेवा; सलग टोन मोठ्याने वाजवत राहिलात तर सबवूफरची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापते. बॅटरीवरही लक्ष असू द्या.

माझ्याकडे ३४ हर्ट्झच्या आसपास मागची नंबर प्लेट, ४७ ला मागच्या दाराचं पॅड (दाराचं आतलं प्लॅस्टिक), आणि साठीच्या पुढे फुटकळ गोष्टी: सीटबेल्टचं बक्कल, मागच्या सीटची कडी, स्टेपनीशेजारी सुटा पडलेला पाना. नंबर प्लेट वरच्या दोन स्क्रूंवर लटकलेली आणि खालून मोकळी होती. खालच्या दोन कोपऱ्यांमागे क्लोज्ड-सेल (पाणी न शोषणाऱ्या) फोमचे तुकडे चिकटवले, विषय संपला. साधा स्पंज लावू नका, तो पाणी पितो. सीटच्या कडीला फेल्ट टेपचा एक वेढा, पाना जुन्या फडक्यात गुंडाळून जॅकच्या कप्प्यात.

डिकीच्या झाकणासाठी तर काही विकतच आणावं लागलं नाही. झाकण बंद झाल्यावर ज्यांच्यावर टेकतं ते दोन रबरी स्टॉपर बऱ्याच गाड्यांत स्क्रूसारखे फिरतात. दोन्ही थोडे बाहेर काढले की झाकण घट्ट बसतं आणि कुलपातली टकटक जाते. जास्त काढले तर मात्र झाकण आपटल्याशिवाय लागत नाही, तेव्हा अर्धा-अर्धा फेरा देत बघा.

आता शीट. आत ब्युटाइल रबर, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. तो पत्रा शोभेचा नाही. दाराचा पत्रा थरथरला की मधलं रबर दोन पत्र्यांमध्ये ताणलं जातं आणि थरथरीची ताकद उष्णतेत जिरते. म्हणूनच सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते तृतीयांश जागा झाकली की बराचसा फायदा मिळतो, पुढे नुसतं वजन वाढतं. बोटाने ठोकून बघा: आधी टणटण, नंतर थप. लावण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबा. हातमोजे घाला, कापलेली कड ब्लेडसारखी असते. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. आणि जिथे एअरबॅग आहे त्या खांबात किंवा सीटच्या बाजूला फोम-टेप काहीही कोंबू नका, मग खडखड कितीही होऊ दे.

पॅड काढताना क्लिपा तुटतातच. आधी जास्तीच्या आणून ठेवा, कारण सैल क्लिप म्हणजे नवी खडखड.

आता काही महिन्यांनंतर, मधला उन्हाळा धरून, काय टिकलं ते. शीटला वास नाही, ती घसरली नाही. स्वस्त डांबरी शीट उन्हात मऊ पडतात आणि वास मारतात, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत. दाराच्या वळणावर एक कोपरा तेवढा सुटला होता. हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा रोलर फिरवला, बसला. फेल्ट टेप तर अव्वल. पॅडमागच्या वायरी तिने गुंडाळल्या होत्या, त्या अजून गप्प आहेत. निराशा केली ती पातळ चिकट फोमपट्टीने. डिकीच्या आतल्या प्लॅस्टिकखाली लावली होती, दबून दबून कागदासारखी झाली आणि आवाज परतला. तिथे आता जाड फेल्ट आहे.

एक फायदा अपेक्षित नव्हता. बास खालचा असतो, पण खडखड वरच्या पट्टीत असते, आणि आपला कान तिथेच जास्त तिखट. ती गेल्यावर तोच सबवूफर जास्त स्वच्छ ऐकू यायला लागला आणि मी अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (सबवूफरच्या आवाजाची पातळी) उलट कमीच केला. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर आहे, म्हणजे सबवूफरला साधारण त्याखालचेच सूर जातात. ४७ ला दाराचं पॅड अजून किंचित कुरकुरत होतं, तिथे इक्वलायझरवर अरुंद पट्टीत ३ डेसिबल कमी केले. म्हणजे त्या सुराला निम्मीच पॉवर जाते, पण गाण्यात फरक जाणवत नाही. काही मंडळी याला पळवाट म्हणतील. म्हणोत.

सीटखालचा छोटा सबवूफर असेल तर शीटच्या भानगडीत पडू नका. फेल्ट टेप, थोडा फोम आणि एक निवांत दुपार पुरे. मोठा सबवूफर असेल तर आधी टेप-फोम, आणि त्यानंतरही पत्रा घुमत असेल तरच शीट.

माझ्या छताचा पत्रा अजून घुमतो, आवाज खूप वाढवला तर. जोरदार बासला आरशातलं चित्रही धूसर होतं, पण त्यातून आवाज येत नाही, त्यामुळे त्याचा त्रास नाही. छतासाठी अस्तर उतरवावं लागेल, आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग त्याच्याच कडेला असतात. ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घेणार.