दोन फेरेट, एक मांजर आणि खाण्यावरून मारामारी: बाउल वाढवायचे की वेगवेगळं कोंडून जेवू घालायचं?

आमच्याकडे दोन फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा, मांस खाणारा पाळीव प्राणी) आहेत, ढब्बू आणि चिंगी, आणि त्यांच्या आधीपासूनची एक मांजर जिला वाटतं फ्लॅट तिच्याच नावावर आहे. न्यू जर्सीत राहतो म्हणून हे जमतं, नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात फेरेट पाळायला बंदी, कॅलिफोर्नियात तर अख्ख्या राज्यात. आई व्हिडिओ कॉलवर अजून "तुझी मुंगसं जेवली का रे" असंच विचारते. तर चिंगी नवीन आली तेव्हा ढब्बू सरळ बाउलमध्ये पुढचे दोन पाय टाकून बसायचा आणि ती जवळ आली की मानेला धरून फरफटत सोफ्यापर्यंत न्यायचा, तो दीड किलोचा आणि ती जेमतेम त्याच्या निम्मी.

आधी हे मारामारीच आहे का ते बघा हं. मान धरणं, ओढत नेणं, वर उड्या मारणं हा त्यांचा रोजचा खेळ असतो, कुक्-कुक् असा आवाज काढत असतील तर मजा चाललीय. पण एकीची किंकाळी ऐकू येतेय, भीतीने तिथेच शी होतेय, रक्त निघालंय, तर मग सोडवा. आणि इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहणारा अचानक चिडायला लागला तर बाउल नंतर बघा, आधी डॉक्टर, कारण दुखणं असू शकतं किंवा अॅड्रिनलचा (मूत्रपिंडाजवळच्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीचा) आजार, तो फेरेटमध्ये बराच दिसतो आणि त्यात स्वभाव बदलतो.

आता पर्याय. एकच मोठा बाउल ठेवून "आपापसात बघून घेतील" हा विचार सोडूनच द्या, लहान फेरेट उपाशी राहतं आणि आपल्याला कळतही नाही.

दुसरा पर्याय म्हणजे वेळ लावून वेगवेगळ्या पिंजऱ्यात जेवण. कुत्रेवाले मित्र हाच सल्ला देतात, सकाळ-संध्याकाळ वाढा, पंधरा मिनिटांनी उचला. मीही केलं, आठवडाभर घर एकदम शांत, मी खूश. पण फेरेट म्हणजे कुत्रा नाही ना. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, त्यामुळे ते दिवसभरात आठ-दहा वेळा थोडं थोडं खातं. दोनदाच वाढलं की मधल्या वेळात भूक, आणि भुकेलेलं फेरेट बाउल दिसला की जास्तच तुटून पडतं, म्हणजे ज्यासाठी केलं तेच वाढलं. शिवाय तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली, जास्त इन्सुलिन सोडणारी गाठ) खूप आढळतो, त्यात रक्तातली साखर एकदम खाली जाते, मागचे पाय लटपटतात, तोंडातून लाळ गळते, अशाला तर उपाशी ठेवायचंच नाही. कोंडायचं झालं तर पिंजऱ्यात खाणं-पाणी कायम हवं, आणि नवीन फेरेटच्या पहिल्या काही दिवसांसाठी किंवा एकाला औषधाचं खाणं सुरू असेल तर हा पर्याय मला पटतो. दोघांचं वजनही नीट कळतं, हा फायदा आहेच.

तिसरा, ज्यावर आम्ही आलो: फेरेट दोन तर बाउल तीन, कोरडं खाणं दिवसभर भरलेलं, आणि बाउल एकमेकांना दिसणार नाहीत असे. शेवटचं महत्त्वाचं, कारण मी आधी दोन्ही बाउल एकाच भिंतीला ठेवले होते, ढब्बू एकातलं खाता खाता दुसऱ्यावर पहारा देत बसायचा. एक बेडरूममध्ये, एक पिंजऱ्यात, एक हॉलमध्ये टेबलामागे केल्यावर तो धावून धावून दमला आणि दहा-बारा दिवसांत नाद सोडला. तोटा असा की कोण किती खातंय कळत नाही, म्हणून दर रविवारी किचनच्या काट्यावर दोघांना तोलतो.

पण हे फक्त कोरड्या खाण्याला लागू. कच्चं चिकन, अंडं, सामन तेल अशा आवडीच्या गोष्टी निघाल्या की पुन्हा रणांगण, तेव्हा दोघांना वेगळ्या खोल्यांत दार लावून, संपेपर्यंत. म्हणजे कोंडणं पूर्ण सुटलं नाही, दिवसातून वीस मिनिटांवर आलं. दोघांतलं एकच निवडायला सांगाल तर मी बाउल वाढवेन.

मांजरीचं त्यामानाने सोपं, तिचं ताट वॉशिंग मशीनवर, फेरेटला उंच उडी येत नाही. चुकून तिच्या खाण्यातलं खाल्लं तरी मांसावर आधारलेलं असेल तर लगेच काही बिघडत नाही, पण घरात कुत्रा असेल तर त्याचं खाणं मात्र लांब ठेवा, फेरेटला त्यातून पुरेसं प्रोटीन मिळत नाही.

आणि बाउल रिकामा दिसला म्हणजे खाल्लं असं समजू नका, ही मंडळी लपवतात. ढब्बू एकेक दाणा तोंडात धरून माझ्या स्नीकरमध्ये नेऊन टाकतो. दाणे ठीक आहेत, चिकनचा तुकडा सोफ्याखाली गेला तर तिसऱ्या दिवशी वासच सांगतो, म्हणून दार लावायचं ते तुकडा पोटात गेलेला डोळ्यांनी बघूनच उघडायचं.