झिझिवा: अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधण्याचा काही महिन्यांचा अनुभव

इंग्रजी स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल्स जोडून बोर्डवर शब्द बनवायचा खेळ) मनापासून खेळणाऱ्याला, त्यातही मराठी माध्यमात शिकलेल्याला, मी एकच सॉफ्टवेअर सुचवेन: झिझिवा. पावसाळ्यापासून जवळपास रोज वापरतोय. दिसायला जुनाट आहे. साध्या राखाडी खिडक्या आणि पर्यायांच्या लांबलचक याद्या. पण हातातल्या अक्षरांतून शब्द काढून देण्यात आणि ते पाठ करून घेण्यात याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

आधी मी ब्राउझरमधल्या फुकट साइट्सवर शोधायचो. सात अक्षरं टाकली की शब्दांचा ढीग येतो, पण कुठला शब्द खेळात चालणाऱ्या कुठल्या शब्दयादीतला हे बऱ्याच ठिकाणी कळत नाही. स्क्रॅबलमध्ये तोच तर मुख्य प्रश्न असतो. आपल्याकडच्या स्पर्धा कॉलिन्स या शब्दकोशाच्या यादीवर चालतात, अमेरिका आणि कॅनडात वेगळी यादी आहे. झेड-ओ आणि सी-एच हे दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतात, तिकडच्या यादीत नाहीत. झिझिवाची कॉलिन्सवाली आवृत्ती घेतली की हा घोळ संपतो.

आता शोधाबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. समजा रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस, टी आलेत. नवख्याला रिटेन्स दिसतो, थोडं पाहिलं तर नॅस्टियर आणि स्टेनर. पण बोर्डवर सातही अक्षरं मांडायला बऱ्याचदा जागा नसते, आणि तिथे आधीच असलेलं एखादं अक्षर धरून आठ अक्षरी शब्द लावावा लागतो. झिझिवात याच सात अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह (म्हणजे कुठलंही एक अक्षर) टाकून अक्षरांची उलटापालट करणारा अ‍ॅनाग्रॅम शोध दिला की प्रत्येक जास्तीच्या अक्षराला काय बनतं ते समोर येतं. पी मिळाला तर पेंटर्स, रीपेंट्स, पर्टेन्स, पँट्रीज. एम मिळाला तर मिनरेट्स. एच असेल तर हेअरनेट्स, जी असेल तर ग्रॅनाइट्स आणि अँग्रिएस्ट. सातही टाइल्स एका चालीत लावल्याचे पन्नास गुण अशाच शब्दांतून येतात. एकदा हा पसारा डोळ्यांखालून गेला की ती सात अक्षरं हातात आल्यावर बोर्डकडे बघायची नजरच बदलते.

निकालात शब्दाच्या दोन्ही बाजूंना हुक दिसतात, म्हणजे पुढे किंवा मागे कुठलं अक्षर जोडता येतं ते. रेटिनाच्या उजवीकडे ई, एल, एस. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण शेवटच्या चार चालींत सामना अशा एका अक्षरावर फिरतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो संभाव्यतेच्या क्रमाचा. पिशवीत १०० टाइल्स असतात. त्यात ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, तर क्यू आणि झेड एकेकच. म्हणजे काही सात अक्षरं पुन्हा पुन्हा हातात येणार आणि काही जन्मात येणार नाहीत. झिझिवा शब्द त्या क्रमाने लावून देतं. ट्रेनी, अ‍ॅनेरॉइड असे शब्द वर येतात. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत २,७९,४९६ शब्द आहेत, ते सगळे पाठ करायला कुणाला वेळ आहे? वरून सुरुवात करायची आणि जमेल तिथवर जायचं.

पाठ करायला कार्डबॉक्स आहे. अक्षरं वर्णक्रमाने समोर येतात आणि त्यातून बनणारे सगळे शब्द आपण टाइप करायचे. बरोबर आलेला प्रश्न बऱ्याच दिवसांनी परततो, चुकलेला लवकर. यात खाडा झाला की साचलेले प्रश्न अंगावर येतात, म्हणून रोज थोडे थोडे करणंच बरं.

अटी एकत्र जोडता येतात हेही मोठं सुख. ‘क्यू हवा, यू नको’ असं सांगितलं तर क्यू-आय आणि क्यू-ए-टीसोबत फकीर, तलाक, वक्फ, कव्वाली निघतात. जे मागितला तर पूजा, भजी, स्वराज. डाळ तर निरनिराळ्या स्पेलिंगनी चालते: डी-ए-एल, डी-ए-एच-एल, डी-एच-ए-एल. घेराव, धरणं, तालुका हेसुद्धा यादीत आहेत. ओळखीचे असूनही ऐन खेळात सुचत नाहीत, म्हणून त्यांची एक वेगळी यादी काढून ठेवावी.

अर्थ मात्र अगदी तुटक मिळतो, एका ओळीत. ज्याला इंग्रजी सुधारायचं आहे त्याने शेजारी शब्दकोश उघडावा. खेळासाठी अर्थ लागतोच असं नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही फ्रेंच बोलता येत नसताना, शब्दांची यादी पाठ करून. ‘आपलं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून बोर्डपासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, आणि ते मला अगदी मनापासून पटलेलं आहे.

समोर माणूस बसलेला असताना, किंवा फोनवर कुणाशी डाव चालू असताना, असं काहीही उघडू नये. डाव संपल्यावर आपले रॅक आठवून शोधावेत, त्यात शिकायलाही जास्त मिळतं. वर्डल या रोजच्या ऑनलाइन शब्दकोड्यासाठी हे वापरता येतं, हिरव्या (योग्य जागी आलेल्या) अक्षरांच्या जागा धरून बाकी ठिकाणी प्रश्नचिन्हं टाकली की झालं, पण दिवसाला एकच कोडं मिळतं, त्याची गंमत का घालवायची?

नव्याने सुरू करणाऱ्याने आधी लांबी दोन ठेवून शोध द्यावा. २०१९ च्या यादीत असे १२७ शब्द आहेत, ओ-के आणि झेड-ई त्याच वेळी आले. ते पक्के झाले की जे, क्यू, एक्स, झेड असलेले तीन अक्षरी घ्यावेत. सात अक्षरींकडे त्यानंतर वळावं.