पोलर एच10: सेटनंतर हृदय किती लवकर सावरतं, ते मोजणारा छातीपट्टा

वजनं उचलताना मनगटी घड्याळाच्या आकड्यांवर विसंबू नये. बार घट्ट धरला की मनगट वाकतं, घड्याळ सरकतं आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर ठोके चुकवतो. एच10 हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत देतो. सेटची मांडणी बदलून पाहायची तर हेच लागतं.

लेग प्रेसवर तेच वजन, एकूण 40 रेप्स. एक दिवस 10 चे 4 सेट, मध्ये 3 मिनिटं विश्रांती. दोन-तीन दिवसांनी 5 चे 8 सेट, मध्ये 77 सेकंद. काम तेवढंच, विश्रांतीही एकूण जवळपास 9 मिनिटांचीच. शेवटची रेप संपताच जागेवर बसून राहा, 60 सेकंदांत ठोके किती उतरले ते टिपा आणि पुढची 5 मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा. लांब, दमछाक करणाऱ्या सेटनंतर हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम उशिरा परततो. ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार (त्याचं माप म्हणजे आरएमएसएसडी) बहुधा जास्त घसरलेला दिसतो. मध्येच बोललात किंवा पाणी प्यायला उठलात, तर मोजणी वाया.

पट्टा कोरडा असेल तर सुरुवातीला भलतेच आकडे येतात, म्हणून इलेक्ट्रोड ओले करूनच बांधा. बेंच प्रेसला पाठीची कमान होते तेव्हा सैल पट्टा हमखास सरकतो. वापरानंतर ट्रान्समीटर काढून ठेवा, नाहीतर सीआर2025 सेल लवकर संपतो. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात. अशांनी डॉक्टरांना विचारूनच हे आकडे वाचावेत.